ताईचे सासरे आणि वीस लिटरचा कॅन

हातातलं काम पाच मिनिटं बाजूला ठेवा, कारण मी आत्ताच ताईच्या सासऱ्यांचा फोन ठेवलाय आणि हे लगेच कुणाला तरी सांगितलं नाही तर मला जेवण जायचं नाही. कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुके पालथे घाला, वाटल्यास रसायनीच्या कारखान्यांत चौकशी करा, पण गाडीवर जास्तीचं डिझेल न्यायच्या बाबतीत माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका शहाणा, सरळ आणि डोकं उठवणारा माणूस तुम्हाला सापडणार नाही. हे मी पैजेवर सांगतो. लोक गाडीला जपतात, काही जण गाडीच्या रंगाला जपतात, हे गृहस्थ गाडीला लटकवलेल्या कॅनला जपतात. गाडी म्हणजे एक जुनाट डिझेल जीप. रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं पिंपं भरायच्या शेडवर नोकरी केली, रिटायर झाले, आणि घरच्यांना वाटलं आता माणूस शेतीत लक्ष घालील, तर यांनी चारही चाकं ओढणारी ती जीप आणली. ताईच्या सासूबाईंनी विचारलं की ही कशाला, तर म्हणाले, कॅन लावायला. आणि ते विनोद करत नव्हते.

तो कॅन एकदा बघाच. हिरवा, पत्र्याचा, वीस लिटरचा, घट्ट झाकणाचा, आणि त्याची पावती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली. आता हा कॅन जीपवर नेमका कुठे बसवायचा यावर त्यांनी पावणेदोन महिने विचार केला. जीपच्या आत नको, कारण ज्या हवेत आपण श्वास घेतो त्या हवेत डिझेल बसवायचं नाय. टपावर नको, चढावर जीप तिरकी झाली की वरचं वजन तिला आडवी करणार. मागच्या बंपरवर नको, मागून कुणी ठोकलं तर पहिला मार कॅनला. सायलेन्सरच्या बाजूला तर विचारूच नका. मग त्यांनी बिस्किटांचा रिकामा खोका कॅनच्या मापाचा कापला आणि जीपला दोरीने बांधून गावभर फिरवला. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, आणि रोज संध्याकाळी टेपने मोजायचे की गाडीच्या बाहेर किती येतंय. शेवटी ड्रायव्हरच्या दाराच्या मागची जागा ठरली. चौक गावच्या वेल्डरने स्टँड तीनदा कापून तीनदा जोडला. चौथ्यांदा यांची जीप वळताना दिसली तेव्हा तो दुकानाचं शटर ओढून घरी गेला असं लोक सांगतात, मला ते खरं वाटतं. कॅन पट्ट्यांनी आवळून झाला की हे पट्ट्याला बोटाने टिचकी मारतात आणि कान देऊन ऐकतात. म्हणतात, "वाजला पायजे. ढिला पट्टा बोलत नाय."

पेट्रोलपंपावर त्यांच्या मागे रांगेत उभं राहायची वेळ शत्रूवरही येऊ नये. कॅन गाडीवर ठेवून ते कधीच भरत नाहीत. आधी पट्टे सोडायचे, मग कॅन खाली जमिनीवर ठेवायचा, मग पंपवाल्याला सांगायचं की नळी कॅनच्या तोंडाला टेकवून धर, सावकाश सोड, ठिणगी उडायला निमित्त नको. मागचे हॉर्न वाजवतात, हे वळूनही बघत नाहीत. आणि काठोकाठ भरायचा नाही, वर चार बोटं जागा सोडायची, कारण उन्हात तेल फुगतं. इथवर ठीक आहे. पण ही चार बोटं त्यांनी घरातल्या सगळ्या वस्तूंना लावली. लोणच्याच्या बरणीला चार बोटं, पाण्याच्या हंड्याला चार बोटं, चहाच्या कपाला तर कपच चार बोटांचा असल्यामुळे सासूबाई त्यांना बशीतच चहा देतात. ताईच्या लग्नात आमटी वाढायला हे स्वतः उभे राहिले होते आणि आमच्याकडची सगळी वऱ्हाडी मंडळी अर्ध्या वाटीवर जेवून उठली. आमच्या आईला वाटलं, मुलगी चिकटांच्या घरी दिली. तिचा तो गैरसमज जायला दोन दिवाळ्या लागल्या.

पोलिसांना बघून लोक बेल्ट ओढतात, मोबाईल खाली टाकतात. हे काच खाली करून गाडी हळू करतात, या आशेने की आपल्याला थांबवतील. पहिल्यांदा एका हवालदाराने थांबवलंही होतं. कॅनमध्ये काय आहे एवढंच त्या बिचाऱ्याने विचारलं. तर यांनी फोल्डर काढला. कॅनची पावती, डिझेलची पावती, नियमांची छापील पानं, त्यात डिझेल किती आणि पेट्रोल किती, कुठवर परवाना लागत नाही ते सगळं पिवळ्या पेनाने रंगवलेलं. हे सगळं त्याला वाचून दाखवलं, मग कॅन दाखवला, मग आग विझवायची लाल नळकांडी दाखवली, मग तिची तारीख दाखवली. आता त्या नाक्यावर यांची जीप दुरून दिसली की हवालदारसाहेबांना अचानक रस्त्याच्या पलीकडे काम निघतं. आम्ही एकदा माथेरानला गेलो तेव्हा मला वाटलं, इथे गाड्याच नाहीत, आज सुटलो. तर यांनी एका घोडेवाल्याला अडवलं, कारण त्याने गवताचं पोतं घोड्याच्या एकाच बाजूला लटकवलं होतं. पोतं सोडून, गवताचे दोन भाग करून, दोन्ही बाजूंना बांधून दिले, आणि मग त्याला बिडी गवतापासून लांब ओढायला सांगितली. घोडा खूश दिसला. घोडेवाला नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे हे कॅनमधलं डिझेल त्यांनी कधीच अडचणीला वापरलं नव्हतं. महिना झाला की जुनं टाकीत ओतायचं आणि कॅन ताजा भरायचा. म्हणजे वर्षानुवर्षं ते डिझेल नुसतंच तयार होतं. मी एकदा म्हटलं, "काका, मग हे नेता तरी कशाला?" तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कपडे कशाला घालता विचारलं. म्हणाले, "पाव्हणं, लागू नये म्हणून नेतो."

गावातल्या एका टिलरवाल्याशी मात्र त्यांचं जुनं वैर. वैर म्हणजे एकतर्फी, कारण टिलरवाल्याला त्यात फक्त करमणूक दिसायची. भाताची चिखलणी करायला तो पॉवर टिलर घेऊन शेतोशेत फिरतो आणि टिलरचं डिझेल कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्यांत भरून बाईकच्या हँडलला लटकवतो, वर तोंडात बिडी. ह्यांनी त्याला एकदा भर बाजारात उतरवून, म्हणजे बाईकवरून उतरवून, पाऊण तास समजावलं होतं. प्लास्टिक पातळ, झाकण ढिलं, घासून भोक पडेल, पडलास तर पाय भाजतील. तो सगळं ऐकून शेवटी म्हणाला होता की काका, तुमी बोलताव लय भारी, पण तेवढ्या वेळात माझं अर्धं शेत नांगरून झालं असतं.

आता खरी गोष्ट. कर्जतच्या बाजूला फार्महाऊसवर मुंबई-पुण्याची पोरं मोठमोठ्या गाड्या घेऊन चिखलात घालायला येतात, हे तुम्हाला माहीतच असेल. त्यांच्या टपावर लाल प्लास्टिकचे कॅन असतात, बरेचसे नुसते शोभेला. ह्यांनी एकदा त्यातल्या सहा जणांना रस्त्यात धरून झापलं की पेट्रोलचा रिकामा कॅन भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफ असते. पोरं चांगली होती हो. त्यांनी उलट यांनाच बोलावलं, की काका, आम्हाला एकदा नीट दाखवा. मग काय, यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कॅनमधलं डिझेल घरीच टाकीत ओतलं आणि कॅनमध्ये पाणी भरलं, कारण शिकवताना खरं तेल वापरायचं नाय, हाही नियमच. बांधायचं कसं, सोडायचं कसं, ओतताना इंजिन बंद, माणसं दहा पावलं लांब, सगळं दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, "सर, सर" करत चहा पाजला, फोटो काढले. तीस वर्षं शेडवर ओरडून सांगितलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती. त्या दिवशी घरी आले ते मला ताईने फोनवर सांगितलं, की बाबा आज चक्क गुणगुणत होते.

पुढच्याच आठवड्यात ताईची परीक्षा होती. सरकारी भरतीची. तिने लग्नाच्या आधीपासून चार वेळा दिलेली, एकदा तर दोन मार्कांनी गेलेली, आणि आता वयाची अट संपत होती, म्हणजे ह्यानंतर फॉर्मच भरता येणार नव्हता. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापून अभ्यास केला होता तिने. केंद्र कर्जतजवळच्या एका कॉलेजात, नऊला गेट बंद, मग देव आला तरी उघडत नाही. दाजी रात्रपाळीला अडकलेले, म्हणून मी आदल्या दिवशीच मुक्कामाला गेलो होतो, तिला बाईकवर सोडायला. आणि रात्रभर असा पाऊस लागला की सकाळी गावाची फरशी पाण्याखाली. फरशी म्हणजे ओढ्यावरचा तो बुटका पूल. तिच्यावरून पाणी चाललं की गाव बंद. ताई ओसरीवर उभी होती, हॉलतिकीट प्लास्टिकच्या पिशवीत, चेहरा पांढरा.

तेव्हा ताईचे सासरे आतून आले, डोक्यावर टोपी घातली, आणि म्हणाले की मागनं डोंगरावरून जंगलाचा कच्चा रस्ता हाय, आपली जीप जाते. त्या क्षणी मला ती जीप जगातली सगळ्यात सुंदर गाडी वाटली. ह्या जीपचा डिझेलचा काटा दोन वर्षं अर्ध्यावर चिकटलेला आहे, म्हणून ते रोज सकाळी टाकीत बांबूची पट्टी बुडवून बघतात. पण चार दिवस पाऊस कोसळत होता आणि पावसात टाकी उघडायची नाय, पाणी जातं, हा नियम. म्हणून चार दिवस बघितलंच नव्हतं, आणि जीप तर रोज पळत होती. बघायची गरजही वाटली नाही, कॅन होता ना. कॅनच्या पट्ट्याला टिचकी मारली, वाजला, निघालो.

रस्ता कसला, लाल चिखलाची घसरगुंडी होती. जीप पहिल्या गिअरात घोंगावत वर चढत होती आणि डिझेल अक्षरशः पीत होती. ताई मध्ये बसून सनावळ्या पुटपुटत होती. डोंगरमाथ्यावर पोचलो, तिथून खाली उतरलं की कर्जतचा डांबरी रस्ता, आणि तिथेच जीपने दोन आचके दिले आणि गप्प झाली. आठ वाजायला दहा मिनिटं होती.

मला घाम फुटला. त्यांना नाही. ते तर, मी शपथेवर सांगतो, खूश झाले. इतक्या वर्षांनी वेळ आली होती. त्यांनी आम्हाला दोघांना दहा पावलं लांब उभं केलं, मोबाईल बंद करायला लावले, पट्टे एकेक करून सोडले, कॅन जमिनीवर सरळ ठेवला, झाकण हळूच सैल केलं, आधी हवा जाऊ दिली, मग वास घ्यायला वाकले. वाकलेले तसेच राहिले. पुन्हा वास घेतला. मग बोट बुडवून बोटाकडे बघत बसले. पावसाचा आवाज येत होता नुसता.

"सूनबाई," ते म्हणाले, "पाणी हाय."

टाळ्यांच्या नादात माणूस कॅन परत भरायचा विसरला होता. सगळं आयुष्य शेडवर बाकीच्यांना पिंपात काय आहे त्याची चिठ्ठी लावा, चिठ्ठी लावा म्हणणाऱ्या माणसाच्या कॅनवर पाणी लिहिलेली चिठ्ठी नव्हती. मोबाईल चालू केले तर रेंज नाही. मी त्यांना काहीतरी वाईट बोलून बसणार होतो. पण ताईने माझा दंड धरला. ती एक शब्द बोलली नाही. सलवार वर खोचली, चप्पल हातात घेतली, हॉलतिकीट ओढणीत बांधलं आणि उताराला लागली. केंद्र तिथून अकरा-बारा किलोमीटर. चालत ती वेळेत पोचणार नव्हती हे तिलाही माहीत होतं. ते तिच्या पाठीकडे बघत उभे होते, आणि तेवढ्या पाच मिनिटांत मला ते पहिल्यांदा म्हातारे दिसले.

आणि खालून बाईकचा आवाज आला. तोच टिलरवाला. हँडलला कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या लोंबताहेत, मागच्या सीटवर टिलरचं लोखंडी चाक बांधलेलं, तोंडात बिडी. जीप बघून थांबला, उघडा कॅन बघितला, वाकून वास घेतला आणि त्याला सगळं कळलं. मी धावत जाऊन म्हटलं की भाऊ, माझ्या बहिणीला तेवढं बाईकवर सोड. तर तो म्हणाला की उताराला नको रं, ब्रेक नाय, वर येतोय म्हणून निभावतंय. हे ऐकून एरवी ताईच्या सासऱ्यांनी त्याची बाईक तिथेच जप्त केली असती. आज ते पुढे आले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

टिलरवाला म्हणाला, "काय काका, आज लेक्चर नाय?"

"नाय. चूक झाली माझी. पोरीची परीक्षा हाय, शेवटची. डिझेल दे."

टिलरवाल्याने हँडलच्या बाटल्यांना हात लावून बघितला. त्या डिझेलवर त्याचा दिवस होता. माथ्यावरच्या शेतात लावणीला बायका येऊन थांबल्या होत्या, चिखलणी झाल्याशिवाय त्या रोप तरी कुठे लावणार. त्याने उताराकडे बघितलं, खाली ताईची ओढणी अजून दिसत होती. मग दोन्ही बाटल्या हँडलवरून काढल्या आणि पुढे धरल्या. "प्लास्टिकच्या हायेत बरं का. चालंल?"

"चालंल," ताईचे सासरे म्हणाले. मग थोडं थांबून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "पण बिडी तेवढी विझव."

टिलरवाला इतका हसला की बिडी आपोआपच चिखलात पडली. वर माझा रेनकोट धरून बाटल्यांतलं डिझेल ओढणीसारख्या पातळ टॉवेलातून गाळून टाकीत घातलं. कॅन ओला होता, त्यातून ओतलं तर टाकीत पाणी जाणार, म्हणून त्या देखण्या हिरव्या कॅनला कुणी हातही लावला नाही. टाकी कोरडी पडल्यामुळे पाईपात हवा धरली होती, ती काढायला इंजिनावरचा छोटा हातपंप दाबत राहावं लागतं. मी दाबला, टिलरवाल्याने दाबला, माझा अंगठा सोलला, आणि जीप एकदाची काळा धूर टाकत उठली. ताई दीड किलोमीटर गेली होती, गुडघ्यापर्यंत लाल झालेली. तिला उचललं. पुढे जीप थांबली ती कॉलेजच्या गेटपाशीच. गेटवरचा माणूस कडी लावत होता तेव्हा ताई त्याच्या हाताखालून आत घुसली.

ते तीन तास ताईचे सासरे जीपच्या बाहेर उभे होते. मी चहा आणला, घेतला नाही. परीक्षा संपवून ती बाहेर आली तर ते तिच्या तोंडाकडे बघेनात. ती जीपमध्ये बसली आणि म्हणाली, "बाबा, भूक लागलीय, भजी खाऊया." बस, एवढंच. घरी सासूबाईंनी विचारलं की गं, एवढी चिखलाने कशाने भरलीस, तर म्हणाली की कॉलेजच्या दारात पाय घसरला. दाजींनाही अजून माहीत नाही. म्हणजे आता हे वाचून कळेल, सॉरी दाजी. टिलरवाल्याला ह्यांनी दुसऱ्याच दिवशी दुप्पट डिझेल नेऊन दिलं, आणि वर कोरा, हिरवा, पत्र्याचा कॅन. तो कॅन त्याने आनंदाने घेतला. त्यात तो भाताचं बी ठेवतो, म्हणतो झाकण एवढं घट्ट हाय की उंदराच्या बापाला उघडत नाय.

ताई पास झाली. नुसती पास नाही, नेमणूकच मिळाली, पण लांब, माणगावकडच्या एका गावात. दाजींची बदली होईपर्यंत ती तिथे खोली घेऊन एकटी राहते, शनिवारी येते. जायच्या आधी तिने स्कूटर घेतली. आणि ती घेतली लाईटवर चालणारी. शोरूममधून घरी आणली तेव्हा ताईचे सासरे तिच्याभोवती दोनदा फिरले, सीट उचलून बघितली, खाली वाकून बघितलं, मग मला बाजूला घेऊन विचारलं, "पाव्हणं, ह्याचं जास्तीचं कशात नेतात?" मी म्हटलं, काका, ह्याचं जास्तीचं नसतं, घरी वायर लावायची, संपलं की थांबायचं. त्यांनी मान हलवली. ती निघाली त्या दिवशी सगळ्यांनी तिला काय काय बांधून दिलं, सासूबाईंनी पापड दिले, आईने मेतकूट दिलं. ते नुसते अंगणात उभे होते, हात मोकळे, आणि मला म्हणाले, "लाईट डब्यात भरता येत नाय रं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला ते ताईला फोन करतात. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही विचारत नाहीत. एकच विचारतात, "किती टक्के हाय गं?" ती सांगते, साठ. हे म्हणतात, आत्ता लाव वायर. फोन बंद. आज तिचा फोन लागत नव्हता, तिकडे लाईटच गेली होती, म्हणून त्यांनी मला केला. पंधरा मिनिटं माझ्याशी जीपच्या टायरबद्दल बोलले. बोलत राहिले, ठेवेनातच. शेवटी विचारलं की तुझं तिच्याशी बोलणं झालं तर विचारशील का, किती टक्के. मी म्हटलं विचारतो. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या दिवशी ती काय बोलली नाय रं मला. बोलली असती तर बरं झालं असतं."

मी फोन ठेवला आणि सरळ टाईप करायला बसलो. आता मला सांगा, तुमच्या घरात आहे का असं कुणी, ज्याला मायेने कसं विचारायचं ते येत नाही म्हणून जो टाकी विचारतो, टक्के विचारतो, छत्री घेतलीस का विचारतो? आणि तुम्ही वैतागून फोन ठेवल्यावर, पाच मिनिटांनी, पुन्हा तोच नंबर लावावासा वाटलाय का तुम्हाला कधी?